खंदकांसमोरचे प्रचारफलक खरोखर परिणामकारक होते का?

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकांसमोर फलक उभारून प्रचार केला जात असे, हे खरे आहे का आणि सैनिक त्याला बधत असत का, असे आपण विचारले आहे. हे खरे आहे. परिणामाविषयी मात्र सरसकट उत्तर देण्यापेक्षा मला सर्वांत बोलका वाटणारा एक प्रसंग सांगतो.

उत्तर फ्रान्समधील हुलुख गावाजवळ ब्रिटिश सैन्यातील १६व्या आयरिश डिव्हिजनसमोर जर्मनांनी मे १९१६च्या आरंभी इंग्रजीत लिहिलेले फलक लावले. एकावर १ मे १९१६ ही तारीख होती आणि मजकूर साधारण असा होता: ‘आयरिशांनो! आयर्लंडमध्ये मोठी खळबळ माजली आहे. इंग्रजांच्या तोफा तुमच्या बायकामुलांवर गोळे डागत आहेत!’ लिहिणाऱ्याने ‘वाइफ’ या शब्दाचे अनेकवचन चुकवले होते, पण आशय समजायला त्याने काहीच अडचण येत नव्हती. २४ एप्रिलला आयर्लंडची राजधानी डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठाव झाला होता, तो मोडण्यासाठी शहरात तोफा वापरल्या गेल्या होत्या आणि मृतांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. म्हणजे फलकावरचा मजकूर भडक असला तरी बिनबुडाचा नव्हता. शिवाय त्याच डिव्हिजनवर २७ आणि २९ एप्रिलला विषारी वायूचे हल्ले होऊन पाचशेहून अधिक माणसे दगावली होती. साथीदारांना नुकतीच मूठमाती दिलेल्या माणसांना घरचीही चिंता लावायची, इतका विचार करून ही वेळ साधली होती, असे माझे मत आहे.

तरीही याच डिव्हिजनमधील रॉयल मन्स्टर फ्युजिलियर्स या आयरिश पलटणीच्या सैनिकांनी रात्री दोन्ही बाजूंच्या खंदकांमधला निर्मनुष्य पट्टा ओलांडून ते फलक काढून आणले. याचा अर्थ त्यांच्या मनात काहीच कालवाकालव झाली नाही, असा मी लावणार नाही. आयर्लंडला स्वराज्य मिळेल या आशेने त्यांच्यातील कितीतरी जण सैन्यात आले होते आणि ३ मेपासून उठावाच्या नेत्यांना गोळ्या घालण्यास सुरुवात झाल्यावर त्यांची कोंडी अधिकच वाढली. पण ज्यांनी चार दिवसांपूर्वी आपल्यावर विषारी वायू सोडला, त्यांनीच आपल्या बायकामुलांचा कळवळा दाखवावा, हे कोणत्या सैनिकाला पटेल?

दुसऱ्या फलकाशी आपला, मराठी माणसांचा, थेट संबंध आहे. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुत-अल-अमारा हे शहर तुर्कांनी घेतले आणि तेथील सारे ‘इंग्रज’ सैन्य, १३,००० माणसे, कैद झाले, अशी बातमी त्यावर होती. ही बातमीही खरी होती, कारण २९ एप्रिलला तेथील ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली होती. मात्र ते सैन्य मुख्यतः सहावी पुणे डिव्हिजन होते, त्यात बहुसंख्य भारतीय शिपाई होते आणि १०३, ११० व ११७ या मराठा पलटणीही होत्या. त्याआधी जवळपास पाच महिने चाललेल्या वेढ्यात तुर्कांनी याच शिपायांना फितवण्यासाठी भारतीय भाषांतील पत्रके त्यांच्यापर्यंत पोहोचवली होती.