चांगला चाललेला डेस्कटॉप, त्याचा लुक दर काही वर्षांनी बदलतात कशाला? आणि जुन्यासारखं करता येतं का?

मी गेली पंधरा-सोळा वर्षं दिवसभर स्क्रीनसमोर बसूनच पोट भरतोय, मध्ये काही वर्षं सॉफ्टवेअरच्या स्क्रीन डिझाइन करायचं कामही केलंय, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा जास्तच आहेत, सांभाळून घ्या.

आधी एक गुंता सोडवू. रंगरूप बदलणं वेगळं आणि वस्तूंच्या जागा बदलणं वेगळं, आपण मात्र दोन्हीला एकाच दमात शिव्या घालतो. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा तो निळा टास्कबार (खालची पट्टी) आणि हिरवंगार स्टार्ट बटण बघून लोक म्हणायचे हे काय लहान मुलांचं खेळणं करून ठेवलंय, कित्येकांनी तर पहिल्याच दिवशी क्लासिक थीम लावून सगळं परत करड्या रंगाचं करून टाकलं. आज तेच लोक एक्सपीच्या वॉलपेपरवरची ती हिरवी टेकडी दिसली की हळवे होतात. कारण स्टार्ट बटण जिथं १९९५ पासून होतं तिथंच होतं, डावीकडे खाली कोपऱ्यात. डोळ्यांचं काय, पंधरा दिवसांत सरावतात. हाताला सवय मोडायची म्हटली तर महिने लागतात.

हे मला खरं कळलं ते ऑफिसात. एका सॉफ्टवेअरने (नाव राहू दे) अपडेटमध्ये सेव्हचं बटण उजवीकडे नेलं आणि त्याच्या जुन्या जागेवर क्लोज आणून बसवलं. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम म्हणजे एका कानाला फोन लावून, स्क्रीनकडे न बघता एन्ट्र्या मारणाऱ्या. त्यांचा हात सवयीने जुन्या जागी गेला, क्लोज दाबलं गेलं, ‘सेव्ह न करता बंद करायचं का’ अशी खिडकी आली, त्यावर सवयीनेच एंटर. अर्ध्या तासाची मेहनत गेली. मग दोन महिने त्यांच्या मॉनिटरच्या कडेला बाण काढलेली चिठ्ठी चिकटवलेली होती.

विंडोज ८ चं मोठ्या प्रमाणावर हेच झालं. २०१२ मध्ये स्टार्ट बटणच काढून टाकलं, मेनूच्या जागी स्क्रीनभर टाइल्स, आणि कॉम्प्युटर बंद करायला माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून लपलेली पट्टी बाहेर आली की सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाऊन. टचस्क्रीनसाठी केलेलं डिझाइन माऊसवाल्यांच्या गळ्यात मारलं. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर मेनूही परत आला.

आता कोपऱ्याचं एवढं काय कौतुक? पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलंय की एखाद्या जागेवर हात किती पटकन पोचणार ते ती जागा किती मोठी आणि किती लांब यावर ठरतं. कोपऱ्यात माऊस कितीही जोरात ढकला, तो तिथेच अडतो, म्हणजे नेम धरायची गरजच नाही. गंमत म्हणजे विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटणाच्या कडेला दोनेक पिक्सेलची मेलेली पट्टी होती, अगदी टोकाला क्लिक केलं तर काहीच व्हायचं नाही, म्हणजे एवढी भारी जागा मिळवून ती वाया घालवलेली. आणि २०२१ च्या विंडोज ११ ने तर स्टार्ट बटण टास्कबारच्या मधोमध आणून ठेवलं, वर एखादं नवीन अ‍ॅप उघडलं की अख्खी रांग थोडी सरकते आणि तिच्याबरोबर स्टार्टही सरकतं. मला हे आजवर पटलेलं नाही.

मग बदलतात कशाला? एक तर आतमध्ये केलेली सुधारणा कुणाला दिसत नाही, बाहेरचा रंग दिसतो, ‘नवीन’ म्हणून सांगायला काहीतरी लागतंच. दुसरं कारण जास्त खरं आहे, स्क्रीन आणि हार्डवेअर बदलत जातं. मॅकवर २०१४ च्या योसेमिटी व्हर्जनमध्ये सगळं चपटं केलं आणि जुना लुसिडा ग्रांडे फॉन्ट काढून हेल्वेटिका न्यू आणला, तो अ‍ॅपलच्या बारीक पिक्सेलवाल्या रेटिना स्क्रीनवर देखणा दिसायचा पण साध्या मॉनिटरवर बारीक आणि पुसट, एका वर्षात तोही बदलून सॅन फ्रान्सिस्को आणला. आणि तिसरं म्हणजे फोन, घड्याळ, कॉम्प्युटर सगळं एका साच्यातलं दिसायला हवं हा हट्ट. २०२५ च्या मॅकओएस टाहोमधलं लिक्विड ग्लास, म्हणजे काचेसारखा पारदर्शक लुक, त्यातलंच. काच काही नवीन नाही, विंडोज व्हिस्टातही होती, पण तिथे खिडक्यांच्या कडांना होती आणि मागचं चित्र बऱ्यापैकी धूसर केलेलं असायचं. काचेवर अक्षरं आली की ती वाचता येणार की नाही हे मागे कुठला फोटो आहे त्यावर ठरतं, माझी मुख्य तक्रार तीच.

आता तुमच्या कामाचं. विंडोज ११ मध्ये टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, त्यात टास्कबार बिहेवियर्स, तिथे अलाइनमेंट लेफ्ट करा, स्टार्ट परत कोपऱ्यात. फाइलवर राइट क्लिक केल्यावर अर्धाच मेनू येतो ना, शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना पूर्ण मेनू येतो. मॅकवर सिस्टीम सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, डिस्प्ले, तिथे रिड्यूस ट्रान्सपरन्सी चालू करा, आणि टाहोचं २६.१ किंवा त्यापुढचं व्हर्जन असेल तर अपिअरन्समध्ये क्लिअरऐवजी टिंटेड निवडा. लिनक्सवाल्यांचं वेगळंच, २०११ मध्ये ग्नोम नावाच्या डेस्कटॉपचं नवीन व्हर्जन, ग्नोम ३, पटलं नाही तर लोकांनी ग्नोम २ चा कोड उचलून माटे नावाने वेगळा संसार थाटला, तो अजून चालू आहे.

पण सगळंच मागे नेऊ नका. जागा बदलल्या असतील तर पहिल्याच दिवशी जमेल तेवढ्या परत आणा, रंगरूपाला मात्र पंधरा दिवस द्या. मी विंडोज ११ टाकलं त्याच संध्याकाळी स्टार्ट डावीकडे नेलं, खिडक्यांचे ते गोल कोपरे पण काढून टाकायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.