आधी नोंदणी करून ठेवली आणि विधी नंतर केले तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की दोघं हिंदू, लग्न डिसेंबरात पुण्यात, पण व्हिसासाठी सर्टिफिकेट आत्ताच हवंय म्हणून महापालिकेत नोंदणी उरकून घ्यायची. प्लीज असं करू नका. आपण सगळ्यालाच 'रजिस्टर' म्हणतो ना, तिथेच घोळ होतो.

हिंदू विवाह कायद्यात (१९५५) लग्न लागतं ते विधींनी, सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून जे सर्टिफिकेट मिळतं तो फक्त झालेल्या लग्नाचा पुरावा, आणि लग्नच लागलं नसेल तर पुरावा कशाचा? २०२४ ला सुप्रीम कोर्टात अशीच केस होती, दोघं पायलट, हातात सर्टिफिकेट पण विधी झालेच नव्हते, कोर्टाने सांगितलं हे लग्नच नाही.

स्पेशल मॅरेज ॲक्ट (१९५४) वेगळा. तिथे भटजी नाही, मुहूर्त नाही, विवाह अधिकाऱ्यासमोर तुम्ही जे बोलता आणि सही करता तेच लग्न. माझं असंच झालं, नवरा ख्रिश्चन, घर कॅम्पात. नोटीस दिली, ती बोर्डावर लागली, तीस दिवस थांबलो. त्या दिवशी तीन साक्षीदार, एक टेबल, आणि मराठीतलं एकच वाक्य, की मी तुम्हाला कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. घरी दहा वेळा म्हणून पाहिलं होतं तरी तिथे आवाज फुटेना. आईने पर्समधून कागदाची पुडी काढली, आत अक्षता, साहेबांना विचारून तिने त्या आमच्या डोक्यावर टाकल्या. ते लग्न मला कुठेच कमी वाटलं नाही, आजही नाही.

वेगळ्या धर्मात या कायद्याने लग्न केलं की वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आम्हाला तोच आहे. तुम्ही दोघं हिंदू, त्यामुळे तुमचा हिंदू वारसा कायदाच राहतो, घरचे घाबरले असतील तर त्यांना हे नक्की सांगा.

तर आत्ता स्पेशल मॅरेज करा, डिसेंबरात सप्तपदी हौसेने घाला, काही अडत नाही. फक्त कायद्याने लग्नाची तारीख आधीचीच धरली जाईल, सगळ्या फॉर्मवर तीच लिहायची. नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकजण तरी सलग तीस दिवस पुणे जिल्ह्यात राहिलेला लागतो, आणि नोटिशीनंतरचे तीस दिवस वेगळे, म्हणजे व्हिसाची तारीख बघून आजच मोजायला घ्या.