आधी मॉनिटर सांगा, मग कार्ड विचारा

‘४के गेमिंगसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ एवढं एकच वाक्य लिहून प्रश्न पाठवणारे बरेच आहेत. शिंप्याला माप न देता ‘शर्ट शिवा’ म्हणण्यातला हा प्रकार. मॉनिटर केवढा, गेम कोणते, पॉवर सप्लाय किती वॉटचा, हे ज्यांनी कळवलं त्यांची पत्रं या वेळी घेतली आहेत.

माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड आहे, ८ जीबी मेमरीचं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर सगळं मस्त चालायचं. दिवाळीत २७ इंची ४के मॉनिटर घेतला आणि सायबरपंक २०७७ हा गेम पंचवीस एफपीएसवर (सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे चित्रं) आला. कार्ड गेलं का? (कोल्हापूर)

कार्ड ठणठणीत आहे, त्याचं काम चौपट झालंय. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात. ४केत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार. साठ एफपीएस हवे असतील तर एक अख्खी फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. ४०६० हे मुळात फुल एचडीसाठी काढलेलं कार्ड, त्याला हे ओझं झेपत नाही.

मॉनिटर परत करू नका. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ४केच ठेवा आणि डीएलएसएस (चित्र वाढवायचं एनव्हिडियाचं तंत्र) ‘परफॉर्मन्स’वर टाका. मग कार्ड आतल्या आत फुल एचडीत चित्र काढतं आणि ते वाढवून ४के करतं. (‘क्वालिटी’वर टाकलंत तर आतलं चित्र १४४०पीचं, म्हणजे फुल एचडी आणि ४केच्या मधलं असतं, ते तुमच्या कार्डाला जड जाईल.) या वाढवण्यालाही थोडा वेळ लागतो, त्यामुळे जुन्या मॉनिटरइतके एफपीएस मिळणार नाहीत. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा जड हिशेब) बंद करा, टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचं चित्र) एक पायरी खाली आणा.

विंडोजचं रिझोल्यूशन मात्र १४४०पी करू नका. ४केच्या पॅनेलवर तो हिशेब दीडपटीचा पडतो, एका पिक्सेलचे दीड करता येत नाहीत, आणि अक्षरं पुसट दिसतात.

केबलही बघून घ्या. एचडीएमआय १.४ च्या काळातली जुनी केबल असेल तर ४के ३० हर्ट्झवरच अडकू शकतं. मॉनिटरच्या खोक्यात आलेली डिस्प्लेपोर्ट केबल लावा, आणि ती कार्डालाच लावा. हसू नका, माझ्या भाच्याने दोन महिने केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावून गेम खेळला, म्हणजे कार्ड वापरातच नव्हतं, आणि सगळा दोष कार्डाला दिला.

आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीचं घ्यावं की १६ जीबीचं? दुकानदार म्हणतो, चिप एकच आहे, फरक पडत नाही. मदरबोर्ड बी४५० आहे, १४४०पीवर खेळायचंय. (ठाणे)

चिप एकच आहे हे खरं. फरक पडत नाही हे खोटं, आणि तुमच्या बोर्डावर तर फारच खोटं.

स्वयंपाकघराचा ओटा डोळ्यासमोर आणा. कार्डावरची मेमरी म्हणजे ओटा. हात लांब केला की डबा हाताशी. ओटा भरला की उरलेले डबे माळ्यावर जातात, आणि फोडणीला मोहरी हवी झाली की दर वेळी स्टूल घेऊन चढावं लागतं. ५०६० टीआयच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. ती भरली की उरलेलं सामान कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातं आणि तिथून पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने ये-जा करतं. हे कार्ड त्या वाटेच्या आठच लेन वापरतं. पाचव्या पिढीच्या बोर्डावर त्यातून सेकंदाला साधारण ३२ जीबी जातात. तुमचा बी४५० तिसऱ्या पिढीचा, म्हणजे जेमतेम ८. कुठे ४४८ आणि कुठे ८!

सरासरी एफपीएसच्या आकड्यात हे लगेच दिसत नाही. गेम छान चालतो, तुम्ही वळण घेता, समोर नवीन गल्ली येते आणि चित्र अर्धा सेकंद अडकतं. काही गेम अडकत नाहीत, पण भिंतीवरचं टेक्श्चर धुरकट ठेवून देतात. १४४०पीला पिक्सेल फुल एचडीच्या पावणेदोन पट असतात, शिवाय फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम भरणं) लावलं की तेही मेमरी खातं. १६ जीबीचंच घ्या. बजेट ताणता येत नसेल तर महिनाभर थांबा, पण १४४०पीसाठी ८ जीबीचं नवीन कार्ड आज घेऊ नका. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचेही असेच ८ आणि १६ जीबीचे दोन प्रकार आहेत. तिथला १६ जीबीचा प्रकारही बघा, कारण त्याला सोळा लेन आहेत आणि जुन्या बोर्डावर त्याचं अडत नाही.

मुलगा अकरावीत आहे. म्हणतो, आरटीएक्स ५०९० शिवाय हल्ली गेम चालत नाहीत. किंमत ऐकून त्याचे बाबा बोलायचेच थांबलेत. घरी २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे, तो व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. (सोलापूर)

ताई, बाबांना पाणी द्या. ५०९० हे ३२ जीबी मेमरीचं, एकटं ५७५ वॉट खाणारं कार्ड आहे. बाजारात आलं तेव्हाच भारतात त्याची किंमत दोन लाखांच्या वर होती, आणि त्याला १००० वॉटचा पॉवर सप्लाय लागतो तो वेगळा. हे ४केवर सगळं कमाल सेटिंगला ठेवून खेळणाऱ्यांसाठी आहे.

चिरंजीवांना एवढंच विचारा: तुझ्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट किती? उत्तर ६० हर्ट्झ आलं, तर तो मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवणार, मागे कार्ड तीनशे काढत असलं तरी. व्हॅलोरंट तर इतका हलका आहे की तिथे कार्डापेक्षा प्रोसेसर आधी दमतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि आरटीएक्स ५०६० च्या वर्गातलं कार्ड दिलंत तर त्याला खेळण्यात खरा फरक जाणवेल. मित्रांमध्ये मिरवायला ते कमी पडेल, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

आरटीएक्स ५०७० टीआय घ्यायचं ठरलंय, ३२ इंची ४के मॉनिटरसाठी. पॉवर सप्लाय सहा वर्षं जुना, ५५० वॉटचा आहे. उन्हाळ्यात खोली ४० अंशांच्या खाली येत नाही आणि लाइट गेली की इन्व्हर्टर आहे. चालेल ना? (नागपूर)

कार्डाची निवड उत्तम. १६ जीबी, ३०० वॉट, आणि डीएलएसएस क्वालिटीवर ४के निभावतं. बाकीचं मात्र चालणार नाही.

पॉवर सप्लाय बदला. या कार्डासाठी एनव्हिडिया ७५० वॉट सुचवते. नव्या सप्लायला १२व्ही-२x६ ची (कार्डाला वीज देणारी) केबल सोबतच असेल तर जोडणीचे अडॅप्टर वाचतात. ती केबल पूर्ण आत गेल्याशिवाय कॅबिनेट बंद करू नका, आणि तोंडापाशीच वाकवू नका. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अर्धवट बसलेली केबल हे त्यामागचं एक कारण निघालं होतं.

आता ऊन. कार्ड जेवढे वॉट खातं तेवढी उष्णता खोलीत सोडतं. खोली पंधरा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर चढतं, मग पंखे किंचाळतात आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडून कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. एफपीएस थोडेच कमी होतात, पण ६० वॉटची उष्णता वाचते. मे महिन्यात हा सौदा फायद्याचा. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. मी एका मित्राकडे कार्ड उघडलं तर हीटसिंकमध्ये वाळ्याच्या काड्या अडकल्या होत्या आणि स्क्रूंवर गंज होता.

इन्व्हर्टरवर खेळूच नका. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि चांगला पॉवर सप्लाय यांचं पटत नाही. ६०० व्हीएचा यूपीएसही साधारण ३६० वॉटच देतो, तेवढं तुमचं कार्ड आणि प्रोसेसर मिळून सहज ओलांडतील.

खोक्यावर ‘२०० एफपीएस’ लिहिलेलं असतं ते खरं असतं का? (रत्नागिरी)

बारीक अक्षरं वाचा. फ्रेम जनरेशन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम भरतं, आरटीएक्स ५० मालिकेत तर एका खऱ्यामागे तीन बनावटसुद्धा. डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण माउसला उत्तर खऱ्या फ्रेमच्याच वेगाने मिळतं. मुळात ६० असतील तर जरूर लावा. मुळात २५ असतील तर चिखलातून धावल्यासारखं वाटेल.

जुनं आरटीएक्स ३०८० (१० जीबी) स्वस्तात मिळतंय. विकणारा म्हणतो, क्रिप्टो मायनिंगचं नाही. घेऊ का? (पुणे)

‘मायनिंगचं नाही’ हे सगळेच म्हणतात. मायनिंग म्हणजे क्रिप्टो चलन कमावायला कार्डं रात्रंदिवस राबवणं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनाची मायनिंग बंद झाली आणि अशी कार्डं पोत्यांनी बाजारात आली. मायनिंगने चिप मरतेच असं नाही. झिजतात ते पंखे, आणि वाळतात ते मेमरीची उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून अर्धा तास जड गेम चालवा आणि ‘मेमरी जंक्शन’चं तापमान बघा. ११० अंशांपाशी घुटमळत असेल तर पॅड गेलेत. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मी एकदा पाच मिनिटं बघून पैसे दिले होते, घरी विसाव्या मिनिटाला स्क्रीनवर हिरव्या चौकटी नाचायला लागल्या. कार्ड तावून सुलाखून निघालं तर १४४०पीसाठी घ्या. ४केला १० जीबी आता तोकडे पडतात.

न्यू जर्सीहून नाशिकला परततोय, कॉम्प्युटर सोबत आणायचाय. तिथलं कार्ड भारतातल्या २३० व्होल्टवर चालतं का? (एडिसन)

कार्डाला पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट डीसी मिळतं, भिंतीत किती व्होल्ट आहेत याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. सप्लायवर १००-२४० लिहिलंय ना, तेवढं बघा. वॉरंटी भारतात चालेल का हे कंपनीला निघण्याआधी मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आणि कार्ड कॅबिनेटमध्ये लावलेलं ठेवून आणू नका. दीड-दोन किलोचं कार्ड सामान आपटलं की स्लॉटच उपटतं. काढा, अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, त्याच्याच खोक्यात भरा आणि केबिनच्या बॅगेत हाताशी ठेवा.