माती आधी बघ, आकडे नंतर

प्रिय मित्रा,

वाळवंटीकरणावर काम करायचं ठरवलंस, मनापासून बरं वाटलं. पण वाळू सरकत येऊन शेतं गिळते, हे चित्र आधी डोक्यातून काढ. असं क्वचितच घडतं. बहुतेक जमीन जागच्या जागी नापीक होते. बेसुमार चराई आणि झाडतोड झाली, रान उघडं पडलं, निचरा नसताना पाणी देत राहिलं, की कुठे धूप होते, कुठे क्षार फुटतात.

उत्पन्नाच्या आकड्यांवर विसंबू नकोस. वरचा थर झिजत असतानाही खतं आणि जादा पाणी काही वर्षं पीक तगवून धरतात. आकडा घसरतो तोवर उशीर झालेला असतो, कारण इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. अन्नाचं संकट बाजारात दिसण्याच्या कितीतरी आधी शेतात सुरू झालेलं असतं.

म्हणून एक वाळलेलं ढेकूळ अलगद पाण्यात सोडून बघ. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेणखतातून मातीत येणारा कर्ब, असलेलं ढेकूळ बराच वेळ टिकतं; कर्ब संपलेलं बघता बघता विरघळतं. पहिल्या जोरदार सरीत शेतात हेच होतं. सुटे कण मातीची छिद्रं बुजवतात, वर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं आणि कोंब वर येताना अडकतो. पाऊस पडूनही पीक करपतं ते यामुळे.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातले शेतकरी याकुबा सवादोगो यांनी अशाच कडक जमिनीत पावसाआधी खड्डे खणून शेणखत भरलं. खताच्या वासाला वाळवी आली, तिनं जमीन पोखरली आणि त्या भोकांतून पाणी आत गेलं. 'झाई' ही त्या भागातली जुनीच पद्धत; त्यांनी खड्डे मोठे केले, खत घातलं. लोकांनी वेडं ठरवलं तरी ते खणत राहिले. मला या विषयातलं सर्वात मोलाचं काम हेच वाटतं.

रोपं लावण्याची घाई करू नकोस. बुर्किना फासोच्या शेजारच्या नायजर देशात तोडलेल्या झाडांची मुळं जमिनीत जिवंत होती. शेतकऱ्यांनी नांगरताना त्यांचे फुटवे राखले आणि १९८० च्या दशकापासून सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली. आधी झाडांवर मालकी सरकारची मानली जाई, त्यामुळे ती जपण्यात कुणाला रस नव्हता. नियम ढिले झाले, तसे लोक राखू लागले. तेव्हा कुठल्याही गावात गेलास की मातीचा नमुना घेण्याआधी विचार: इथली जमीन कसतं कोण, आणि त्यावरचं झाड कुणाचं?