नाशिकमध्ये एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतेय. एपिजेनेटिक्स आणि भ्रूणविकासात संशोधन करता येईल का, की सरळ आयव्हीएफ लॅबची नोकरी धरू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, घरचे नाशिक सोडायला फारसे राजी नाहीत, आणि सर म्हणतात की एपिजेनेटिक्स करायचं तर पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होणार नाही. मी पुण्यात कोंबडीच्या भ्रूणावर पीएच.डी. केली आणि आता नाशिकच्याच एका कॉलेजात शिकवते, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. सरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. रेणूंच्या पातळीवरच्या कामासाठी बाहेर पडावं लागेल. पण त्या कामाला लागणारी नजर नाशिकमध्येच तयार होऊ शकते, आणि माझ्या मते ती आधी तयार व्हायला हवी.

कारण एपिजेनेटिक्स हा विषय मुळात भ्रूणाच्याच प्रश्नातून जन्मला. एका फलित पेशीपासून हृदय, डोळा, कातडी, मज्जातंतू सगळं तयार होतं. थोडे अपवाद सोडले तर सगळ्या पेशींत डीएनए तोच. मग हृदयाची पेशी हृदयाचीच कशी राहते? तिचे वंशजही हृदयाचेच का होतात? १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी जनुकं आणि प्रत्यक्ष घडणारं शरीर यांच्या मधल्या या सगळ्या व्यवहाराला एपिजेनेटिक्स असं नाव दिलं. पुढे १९५७ मध्ये त्यांनी एक चित्र मांडलं: डोंगरउतारावर फाटे फुटत जाणाऱ्या दऱ्या, आणि वरून घरंगळणारा चेंडू म्हणजे पेशी. नाशिककरांना हे समजायला ब्रह्मगिरी पुरे. त्र्यंबकच्या त्या डोंगररांगेत पडलेला पाऊस एका बाजूला गोदावरी होऊन बंगालच्या उपसागराला जातो आणि दुसऱ्या बाजूला वैतरणा होऊन अरबी समुद्राला. माथ्यावर दोन थेंबांत वीतभर अंतर असेल, पण खाली उतरल्यावर परत फिरायची सोय नाही. पेशीचंही बरंचसं तसंच. तिला परत माथ्यावर नेता येतं हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकात आणि शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत दाखवलं. २०१२ चं नोबेल दोघांना मिळालं ते यासाठीच.

याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोला पुण्याच्या लीला मुल्हेरकर शिकल्या. परत येऊन त्यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीचा भ्रूण अंड्याबाहेर काढून काचेत वाढवण्याचं तंत्र रुजवलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. महाराष्ट्रात भ्रूणविकास शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांची परंपरा तिथपर्यंत मागे जाते. म्हणजे ज्या माणसाने एपिजेनेटिक्सला नाव दिलं, त्याच्यापासून आपल्या प्रॅक्टिकलच्या टेबलापर्यंत मध्ये फार लोक नाहीत. मला याचं फार अप्रूप वाटतं आणि पहिल्याच तासाला मी मुलांना हे सांगते.

तर मग सुरुवात कुठून? अंड्यापासून. किराणा दुकानातलं अंडं चालत नाही, ते फलित नसतं. जिल्ह्यात पोल्ट्रीचा धंदा मोठा आहे. ब्रीडर फार्म किंवा हॅचरीत फोन करून उबवणीची अंडी मागितली तर कॉलेजला देतात. कॉलेजच्या नैतिकता समितीला विचारून, मार्गदर्शकाला सोबत घेऊन करा. अंडी ताजी घ्या आणि थंड जागी ठेवा. घातलेल्या अंड्यात हजारो पेशींची चकती आधीच असते. गारव्यात ती थांबून राहते, पण एप्रिल-मेमध्ये अंडी टेबलावर विसरलात तर उबवण्याआधीच वाढ वेडीवाकडी सुरू होते. म्हणून हे काम नाशिकच्या थंडीत करावं.

अंडी आडवी ठेवून ३८ अंशाला उबवायची, आत पाण्याचं भांडं ठेवायचं. साधारण ३३ ते ३६ तासांनी एक अंडं घ्या. बोथट टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजने दोन-तीन मिली पांढरा बलक काढा म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतो. मग वरच्या बाजूला कात्रीने खिडकी कापा. फिल्टर पेपरची कडी पिवळ्या बलकावरच्या पटलाला चिकटवून कडेने कापली की भ्रूण कडीसकट उचलून वॉच ग्लासमधल्या कोमट सलाइनमध्ये घेता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध चेतानळी (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतात) दिसेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या जोड्या. त्या सोमाइटच्या जोड्या. त्यांच्यापासून पुढे मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू होतात. कोंबडीत दर ९० मिनिटांना एक नवी जोडी पडते, त्यामुळे जोड्या मोजल्या की भ्रूणाचं वय कळतं. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये लावलेली ४६ टप्प्यांची मोजणी जगभर आजही वापरतात. त्याच सुमाराला हृदयाची नळी उजवीकडे वाकायला लागते आणि ठोके सुरू होतात. अजून नीट रक्ताभिसरणही नसतं, पण नळी आकुंचन पावत असते. पुढचं अंडं ४८ तासांनी उघडा, मग पुढचं ७२ तासांनी. चित्रं हाताने काढा. फोटो काढलात तर डोळा तिथे थांबत नाही.

हे सगळं इतकं विस्ताराने लिहिण्याचं कारण आहे. मुलाखतींना येणारी मुलं मिथिलेशन, हिस्टोन, सीक्वेन्सिंग हे शब्द घडाघडा बोलतात, आणि गॅस्ट्रुलेशनमध्ये, म्हणजे भ्रूणाच्या पेशी सरकून थरांत मांडल्या जातात त्या टप्प्यात, कोणती पेशी कुठून कुठे जाते हे विचारलं की गप्प होतात. भ्रूण माहीत नसेल तर डीएनएवरच्या खुणा कशाच्या आहेत तेच कळत नाही.

आता त्या खुणांबद्दल. डीएनएची अक्षरं न बदलता कोणतं जनुक चालायचं आणि कोणतं गप्प राहायचं ते ठरवायला या खुणा मदत करतात. डीएनएमधल्या सायटोसीन या अक्षरावर एक छोटा मिथाइल गट चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक सहसा गप्प होतं. दुसरी खूण हिस्टोन प्रथिनांवर, ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो. सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात जे घडतं ते मला आजही थक्क करतं. फलनानंतर काही तासांत, पहिलं विभाजन होण्याआधीच, वडिलांकडून आलेल्या डीएनएवरचे बहुतेक मिथाइल गट पुसले जातात. आईकडचे पुढच्या विभाजनांत हळूहळू विरळ होतात. ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पोकळ चेंडूसारखा भ्रूण, होईपर्यंत पाटी बरीचशी कोरी असते आणि गर्भाशयात रुजताना नव्या खुणा पडतात. या पुसापुशीतून काही जागा मात्र मुद्दाम वाचवल्या जातात. उंदरात शंभराहून अधिक जनुकं अशी आहेत, ज्यांची फक्त आईकडची किंवा फक्त वडिलांकडची प्रत चालते. १९८४ मध्ये केंब्रिजला आझिम सुरानी यांच्या गटाने, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अमेरिकेत मॅकग्रा आणि सोल्टर यांनी, उंदराच्या फलित अंड्यात केंद्रकांची अदलाबदल केली. दोन्ही आईकडची ठेवली तर भ्रूण थोडा वाढला पण वार (प्लॅसेंटा) नीट झाली नाही. दोन्ही वडिलांकडची ठेवली तर उलट. कोणतीच पिल्लं जन्माला आली नाहीत. डॉक्टर ज्याला द्राक्षगर्भ म्हणतात, त्याच्या पूर्ण प्रकारात सगळा केंद्रकीय डीएनए वडिलांकडचाच असतो आणि गर्भाऐवजी वारेच्या ऊतीचे फुगे वाढतात. उंदरातल्या प्रयोगाचं ते माणसातलं रूप आहे.

इथे एक सूचना. पक्ष्यांत हा आई-वडिलांचा भेद सापडत नाही. फळमाशीत तर डीएनए मिथिलेशनची मुख्य एन्झाइमच नाहीत, पण हिस्टोनवर खुणा करणाऱ्या पॉलिकोंब प्रथिनांचा शोध तिच्यातच लागला. तेव्हा प्राणी आधी ठरवून प्रश्न नंतर शोधू नका.

वनस्पतीही विसरू नका, विशेषतः आपल्या जिल्ह्यात. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही बिनबियांची द्राक्षं आहेत, पण त्यांच्यात फलन होतं. भ्रूण सुरूही होतो आणि मग बीज वाढायचं थांबतं. मणी उभा चिरून भिंगाखाली धरा, मऊ, फिकट, अर्धवट राहिलेलं बी दिसेल. दोन बिनबियांच्या जातींचा संकर करायचा तर तो भ्रूण मरण्याआधी काढून माध्यमावर वाढवावा लागतो. मात्र याला एपिजेनेटिक म्हणू नका. थॉमसनमध्ये बी थांबतं ते एका जनुकातल्या प्रत्यक्ष बदलामुळे, डीएनएचं अक्षरच बदललेलं आहे. हा फरक ज्याला चटकन सांगता येतो त्याचा पाया पक्का.

आयव्हीएफबद्दल. कॉलेज रोड, गंगापूर रोडला पाट्या दिसतात, पगार लवकर सुरू होतो, नाशिक सोडावं लागत नाही. चांगलं, जबाबदारीचं काम आहे. पण ते संशोधन नाही. तिथला भ्रूण एका जोडप्याचा असतो, बहुतेक वेळा कित्येक वर्षांच्या वाट पाहण्यानंतरचा. तुमचं काम तो जपण्याचं, त्याच्यावर प्रयोग करण्याचं नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने पात्रता, नोंदी, साठवण सगळं बांधून दिलंय. संशोधनासाठी मानवी भ्रूण वापरायचा तर परवानग्या लागतात आणि १४ दिवसांपुढे वाढवायला आपल्याकडे मनाई आहे. हाताला स्थैर्य असेल, ठरलेली पद्धत रोज तशीच्या तशी करण्यात समाधान वाटत असेल तर जरूर जा. तेव्हासुद्धा वरचं सगळं शिकून जा. आयव्हीएफने झालेल्या मुलांत बेकविथ-वीडेमान सिंड्रोमसारखे (यात बाळाची वाढ प्रमाणाबाहेर होते) या आई-वडिलांच्या खुणांचे विकार जास्त आढळतात. एकूण धोका खूप कमी आहे, पण पेट्री डिशमधले ते पाच दिवस म्हणजे नेमका खुणा पुसल्या जाण्याचा काळ आहे, हे एम्ब्रियॉलॉजिस्टला ठाऊक असायला हवं.

संशोधनाकडे वळलात तर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप काढा. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, शिवाय घरभाडं. हे आकडे घरच्यांना दाखवा, मुलगी 'अजून शिकतेच आहे' ही भाषा थोडी बदलते. पैसे काही वेळा महिनोन्‌महिने अडकतात, त्याची तयारी ठेवा. पुण्यात आयसर, आघारकर, एनसीसीएस या संशोधन संस्था आहेत. मुंबईत परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलं तर परळ एका दिवसात बघून येता येतं. आधी ईमेल करून, तिथल्या पीएच.डी.च्या मुलींना भेटून या. मार्गदर्शक कसा आहे हे त्याच सांगतील.

रोजचं काम कसं असतं तेही ऐका. बायसल्फाइट या रसायनाच्या प्रक्रियेत मिथाइल नसलेला सायटोसीन बदलून युरॅसिल हे वेगळं अक्षर होतो, मिथाइल असलेला तसाच राहतो, आणि त्यावरून खुणा वाचता येतात. वाक्य एका ओळीचं आहे. प्रत्यक्षात त्या रसायनाने डीएनएचे तुकडे होतात, भ्रूणाचा इवलासा नमुना आणखी कमी होतो, किट बाहेरून यायला वेळ लागतो, आणि आकडे आल्यावर महिनेच्या महिने संगणकासमोर जातात. म्हणून आत्तापासून आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा शिका. त्याला नाशिक अडवत नाही, आणि जगभरचा सीक्वेन्सिंगचा (डीएनएची अक्षरं वाचण्याचा) डेटा मोफत उपलब्ध आहे.

एक गोष्ट मनापासून. तुम्ही या विषयात आहात म्हटल्यावर नात्यातल्या बायका विचारतील, गरोदरपणी अमुक ऐकलं, तमुक खाल्लं तर बाळाची जनुकं बदलतात ना? गर्भसंस्काराच्या नावाखाली महागडे वर्ग चालतात. त्यांना नीट, प्रेमाने सांगा की आईच्या पोषणाचा परिणाम खरा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. वजनाने कमी पण त्या मानाने चरबी जास्त अशी बाळं त्यांनी जगाच्या नजरेस आणली, आणि आईचं बी-१२ कमी व फोलेट जास्त असण्याचा मुलांच्या इन्सुलिन प्रतिरोधाशी संबंध दिसला. ही दोन्ही जीवनसत्त्वं मिथाइल गट पुरवणाऱ्या साखळीत लागतात, म्हणून एपिजेनेटिक्सवाल्यांचं तिकडे लक्ष आहे. पण इथून उडी मारून मुलात काही कमी निघालं की 'गरोदरपणी तुझंच चुकलं' असं आईला म्हणायला विज्ञानाचा कसलाही आधार नाही. हे बोलणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत आणि मराठीत तर त्याहून कमी.

तर या हिवाळ्यात अंडी आणा, आणि तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला तुम्ही पात्र आहात का ते बघून अर्ज मुदतीत भरा. निवड झाली तर दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढता येतील. त्यानंतर आयव्हीएफ की पीएच.डी. हे तुम्हालाच कळेल, आणि घरच्यांशीही त्या अनुभवावरून बोलता येईल. अंड्याला खिडकी पाडताना बलक फुटत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, कात्री कशी धरायची ते सांगते.