नक्कल करून शिकलं तर चुकलं का?

"मी नुसती नक्कलच करते, माझं असं काही नाहीच." शिकाऊ डॉक्टर, नवे गायक, नुकतेच नोकरीला लागलेले शिक्षक, सगळ्यांकडून मी हे सतत ऐकते. त्यातल्याच एका शिक्षिकेबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचं नोकरीचं पहिलंच वर्ष. एका ज्येष्ठ बाईंच्या तासाला मुलं रंगून जायची, म्हणून हिने त्यांचं सगळं उचललं: आवाजातला चढउतार, खडू धरायची पद्धत, प्रश्न विचारून मध्येच थांबणं. हिच्या वर्गात मात्र ती थांबली की कुजबुज सुरू व्हायची. एक मुलगी तोंडावर म्हणाली, "तुम्ही त्या बाईंसारखं करता ना?" तेव्हापासून वर्गात पाऊल टाकायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा.

"आता नक्कल बंदच करते, मॅडम."

"त्या थांबतात तेव्हा काय करतात गं?"

"काही नाही. गप्प राहतात."

"बघतात कुठे?"

तिला सांगता येईना. मी तिला पुन्हा त्यांच्या तासाला मागे बसायला सांगितलं. या वेळी लक्ष फक्त त्यांच्या डोळ्यांवर.

पुढच्या भेटीत ती खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागली. "त्या नुसत्या थांबत नाहीत हो! मागच्या बाकापासून एकेक चेहरा बघतात. कुणी गोंधळलेलं दिसलं की तोच प्रश्न सोपा करून विचारतात. आणि मी तेवढ्या वेळात पुढचं वाक्य आठवत बसायचे!"

हे तिचं तिला सापडलं, याचं मला आजही समाधान वाटतं. मी आयतं सांगितलं असतं, तर तेही तिने माझ्याकडून नुसतं उचललं असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांच्या कामावर माझा भरवसा आहे. १९६१ च्या त्यांच्या प्रयोगात, मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहिलेली मुलं कुणी न शिकवता तसंच मारू लागली. आपण बघून शिकतोच. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांनी दाखवलेलं तर मला फार मोलाचं वाटतं. पारदर्शक पेटीतून खाऊ कसा काढायचा हे आधी माणसाने करून दाखवलं, त्यात काही बिनकामाच्या कृतीही होत्या. चिंपांझींनी त्या गाळल्या, तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र त्याही केल्या. हा मुलांचा वेडेपणा नव्हे. कारण कळायच्या आधीच कौशल्य हाती घेण्याची ही माणसाची रीत आहे. तेव्हा सुरुवातीला सगळं जसंच्या तसं उचललंत, तर लाज वाटून घेऊ नका.

पण तिथेच थांबूही नका. ज्यांचं बघून शिकताय त्यांनी ती कृती करण्याआधी काय पाहिलं, ते शोधा. विचारता येत असेल तर सरळ विचारा. आणि शक्यतो आपल्यापेक्षा थोडंच पुढे असलेलं माणूस निवडा. मुरलेल्या माणसाचं अडखळणं आपल्याला दिसतच नाही, आणि अडखळल्यावर सावरायचं कसं, हेच नवख्याला सर्वांत आधी हवं असतं.