ब्रिटनमध्ये गाजलेला 'द मूव्ह' हा बँड अमेरिकेत का चालला नाही?
मुख्य कारण साधं आहे: ते तिकडे वेळेवर गेलेच नाहीत. बर्मिंगहॅमच्या या बँडचं 'फ्लॉवर्स इन द रेन' हे ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसी रेडिओ १ सुरू झाला तेव्हा पूर्ण वाजलेलं पहिलं गाणं. १९६९ मध्ये 'ब्लॅकबेरी वे' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिका दौरा मात्र थेट त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, तोही छोटासा. त्यात बँडचा गीतकार रॉय वूड याची गाणी अस्सल ब्रिटिश वळणाची, मला तरी तीच त्यांची खरी मजा वाटते. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिल्या शंभरात फक्त 'डू या' शिरलं, १९७२ मध्ये, ९३ व्या क्रमांकावर. गंमत म्हणजे याच मंडळींनी काढलेला इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा पुढे अमेरिकेत तुफान चालला, आणि त्यांनी नव्याने वाजवलेलं 'डू या' १९७७ मध्ये पहिल्या पंचविसात पोचलं.